हाडं, राख आणि पोथी : प्राचीन विधींचा मातीतला पुरावा

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, करडी, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं गोलाकार ठेवायची. मधोमध खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, भजी, वडा. शेजारी विडा-सुपारी. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं ढेकूळ भिजलं हे पाहून पीक-पाणी सांगतात आणि पानसुपारीवरून राजाच्या गादीचं भाकीत करतात. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही रीत वाघ घराण्याकडे तीनशेहून अधिक वर्षं चालत आली, असं तिथले लोक सांगतात. भाकीत खरं ठरतं की नाही हा वाद दरवर्षी वर्तमानपत्रांत होतोच, तो इथं नको. आपला प्रश्न वेगळा आहे. हजार वर्षांनी त्या शेतात कुणी खणलं, तर त्याच्या हाती काय लागेल?

जवळपास काहीच नाही. धान्य पाखरं आणि मुंग्या नेतात, ढेकळं पहिल्या पावसात विरघळतात, घागर उचलली जाते आणि जून उजाडला की त्याच जागेवरून वखर फिरतो. अख्खा बुलढाणा जिल्हा ज्याची वाट पाहतो, त्या विधीची मातीत खूण उरत नाही. प्राचीन विधींच्या पुराव्याचा आढावा घेताना हे आधी ध्यानात घेतलेलं बरं. पुरातत्त्वाच्या हाती येतं ते जळलेलं, पुरलेलं, मुद्दाम फोडलेलं किंवा दगड-विटांत बांधलेलं तेवढंच. फुलं, पाणी, गाणं, उपास, नवस आणि अंगात येणं यांतलं काही कुदळीला लागत नाही.

या विषयावर सर्वांत जास्त खल झाला तो ग्रीसबद्दल. तिथं दोन्ही गोष्टी भरपूर आहेत, खणलेली देवस्थानंही आणि जुनी पुस्तकंही. होमरच्या काव्यांत बळीचं वर्णन पुन्हा पुन्हा येतं: जनावराच्या मांडीची हाडं काढायची, चरबीत गुंडाळायची, वेदीवर जाळायची आणि मांस माणसांनी खायचं. हेसिअडनं त्याला कथाही जोडली. प्रॉमिथिअसनं झ्यूसला फसवून चरबीखाली झाकलेली हाडं त्याच्या वाट्याला दिली, म्हणून देवाला हाडं आणि माणसाला मांस. पुष्कळ काळ अभ्यासकांनी ही वर्णनं जशीच्या तशी घेतली. जर्मन पंडित वॉल्टर बर्कर्ट यांनी 1972 साली या बळीवर एक मोठा सिद्धान्त उभारला, जीव घेण्याच्या अपराधभावनेतून धर्म घडतो असा. ग्रंथ गाजला. पण पुढे ग्रीक मडक्यांवरची चित्रं आणि कोरीव शिल्पं एकत्र करून पाहिली, तेव्हा दिसलं की मिरवणूक, वेदी, भाजणं, वाटणी हे सगळं चित्रकार हौसेनं काढतात; प्रत्यक्ष सुरी चालण्याचा क्षण मात्र फार थोड्या चित्रांत आहे. लोकांना त्या विधीत महत्त्वाचं काय वाटत होतं याचं उत्तर पंडिताच्या तर्काहून निराळं निघालं.

मग हाडं मोजायला सुरुवात झाली. आधीच्या पिढीतले उत्खननकर्ते मूर्ती आणि शिलालेख ठेवून घेत आणि राख फेकून देत. राख चाळायला लागल्यावर गोष्ट बदलली. पायलॉस इथल्या ‘नेस्टरच्या राजवाड्या’तल्या हाडांच्या ढिगांत बैलांचे खालचे जबडे, पुढच्या पायांची वरची हाडं आणि मांडीची हाडं मिळाली. मांस काढून मग जाळलेली. हा राजवाडा इ.स.पू. 1200च्या सुमाराला जळाला, म्हणजे होमरच्या काव्यांना आजचं रूप येण्याच्या कित्येक शतकं आधी. होमरनं आपल्या काळचा विधी जुन्या वीरांच्या माथी मारला नव्हता, मूळ खरोखर जुनं होतं. पण तपशील जुळत नव्हता. जबडे का जाळले, हे होमर सांगत नाही. इथं मातीनं पुस्तकाला दुजोराही दिला आणि त्याची उणीवही दाखवली. अशा उदाहरणांमुळेच हा विषय मला आवडतो.

आर्केडियातल्या लायकायॉन पर्वताची गोष्ट याहून बोलकी. शिखरावर झ्यूसची राखेची वेदी. तिथं माणसाचा बळी देतात आणि ते मांस चाखणारा लांडगा होतो, अशी वदंता प्लेटोच्या काळापासून लिहून ठेवलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं खणलं, पुन्हा 2004पासून अमेरिकी आणि ग्रीक चमूनं खणलं. राखेत जी हाडं मिळाली ती बहुतेक सगळी शेळ्यामेंढ्यांची निघाली, आणि त्यांतही मांड्या आणि शेपट्या. माणसाचं हाड नाही. ‘लांडग्याची गोष्ट भाकड’ असं म्हणून विषय मिटणार, तोच 2016 साली त्या राखेतच एका पोरसवदा मुलाचा सांगाडा मिळाला. दोन्ही बाजूंना दगडांची रांग, कवटीचा वरचा भाग नाही. बरोबरच्या खापरांवरून काळ इ.स.पू. अकरावं शतक. जगभरच्या वर्तमानपत्रांनी नरबळी सिद्ध झाल्याचे मथळे दिले. उत्खनन करणारे मात्र जपून बोलत होते. तो मुलगा कशानं गेला हे हाडांवरून ठरत नव्हतं. शेळ्यामेंढ्यांच्या ढिगात एक माणूस नीट पुरलेला आहे, एवढंच राख सांगते. त्याला ‘बळी’ हे नाव पुस्तकातून आलं.

हाच घोटाळा आपल्याकडे दोनदा झाला, आणि दुसऱ्यांदा तर विदर्भात. तिकडे वळण्यापूर्वी खामगावच्या सराफ्यातून जाऊ. हे गाव चांदीसाठी ओळखलं जातं. ताम्हन, पळी-पंचपात्र, समया, निरांजनं, देव्हारे इथून लांबलांब जातात. घरातलं जुनं ताम्हन झिजलं, चेपलं की मोडीत द्यायचं आणि वर पैसे भरून नवं घ्यायचं, ही सर्वसामान्य रीत. म्हणजे ज्या वस्तू विधीत रोज लागतात त्याच हटकून वितळतात. ग्रीक देवळांचंही तसंच होतं. अथेन्सच्या पार्थेनॉनमधल्या चांदीच्या वाट्या-पेल्यांच्या, वजनासकट केलेल्या याद्या इ.स.पू. 434पासून दगडावर कोरून ठेवलेल्या आहेत. त्यांतली एकही वाटी आज नाही. पेलोपोनीशियन युद्ध अंगाशी आल्यावर देवळातल्या विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्तीही वितळवून नाणी पाडली. दगडी यादी राहिली, चांदी गेली. आपल्याकडे तशी यादी कोरायची सवय नव्हती, त्यामुळे सातवाहनकाळच्या देव्हाऱ्यात कोणतं भांडं होतं हे आपण खापरांवरून ओळखायला बसतो.

आता विदर्भ. नागपूरजवळच्या जुनापाणीला दगडांची वर्तुळं शेकड्यांनी आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1867 साली त्यांतली काही उघडली आणि युरोपातल्या दफनांशी त्यांचं साम्य पाहून तो चकित झाला. शास्त्रशुद्ध काम स्वातंत्र्यानंतरचं: 1961-62 मध्ये जुनापाणी, पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड ही स्थळं खणली. वर्तुळाच्या आत माणसाची हाडं, काळी-तांबडी खापरं, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. आणि घोडे. घोड्याच्या तोंडातला लोखंडी लगाम, डोक्यावर तांब्याच्या पत्र्याचा साज. माहुरझरीच्या घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा असल्यानं तो मालकाबरोबर मारून पुरला असावा, असं मानलं जातं. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, म्हणजे शस्त्रं पुरणारे लोक ती स्वतः घडवत होते. या सगळ्याचा काळ ढोबळमानानं इ.स.पू. पहिल्या सहस्रकाचा पूर्वार्ध आणि त्यानंतरची काही शतकं.

या लोकांची पोथी नाही. त्यांची भाषा कोणती, देव कोणते, मेल्यावर माणूस कुठं जातो असं ते मानत, याचा एक शब्दही नाही. आणि माझ्या मते म्हणूनच विदर्भातल्या वर्तुळांबद्दल झालेलं लेखन एकंदर विश्वासार्ह आहे. लिहिणाऱ्याला घोड्यापुरतंच बोलावं लागलं: घोडा महाग होता, तो सजवला, मारला आणि पुरला, हे एकाच गावी नाही, अनेक गावी, त्याच पद्धतीनं केलं. एकदा घडलेली गोष्ट अपघात असू शकते, वीस ठिकाणी तशीच घडली तर ती रीत. कॉलिन रेन्फ्रू यांनी एजियन समुद्रातल्या मेलोस बेटावरचं फायलाकोपीचं देवस्थान खणल्यावर 1985 साली एक ग्रंथ लिहिला; खोली देवाची की माणसाची हे कशावरून ओळखायचं, याची कसोट्यांची यादीच त्यात दिली. त्यांतली सगळ्यांत टिकाऊ कसोटी मला हीच वाटते, पुनरावृत्ती.

मात्र याच विदर्भात घोड्याची एक पोथीही आहे, आणि मोह तिथं सुरू होतो. वाकाटक ताम्रपट पहिल्या प्रवरसेनानं चार अश्वमेध केल्याचं सांगतात. अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय वगैरे सोमयागांची रांग वेगळी. नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखात त्याही आधीच्या सातवाहनांचे दोन अश्वमेध आणि एक राजसूय आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंच्या आकड्यांसकट. मग माहुरझरीचा घोडा अश्वमेधाचाच म्हणायला काय हरकत? हरकत अशी की मध्ये कित्येक शतकं आहेत आणि एक घोडा मृत माणसाच्या सोबतीला आहे, तर दुसरा जिवंत राजाच्या कीर्तीला. खणलेल्या जमिनीवर अश्वमेधाचं नाव नि:शंकपणे लावता येतं ते डेहराडूनजवळच्या जगतग्रामला, कारण तिथल्या चितीच्या, म्हणजे यज्ञवेदीच्या, विटांवरच शीलवर्मन राजानं आपला यज्ञ कोरून ठेवला आहे. विटेनं स्वतः नाव सांगितलं. माहुरझरीनं सांगितलेलं नाही.

वर म्हटलेल्या दोन घोटाळ्यांतला पहिला कौशांबीचा. तिथं मात्र विटा गप्प होत्या आणि उत्खननकर्ते बोलले. गो. रा. शर्मा यांना प्रयागराजजवळच्या या नगरीच्या तटबंदीपाशी विटांची एक रचना आणि माणसांच्या कवट्या मिळाल्या. त्यांनी ती श्येनचिती, म्हणजे गरुडाकार वेदी, ठरवली आणि कवट्या पुरुषमेधाच्या. खळबळ उडाली. पुढे डीटर श्लिंगलोफ यांनी आराखडे तपासून उलट बाजू मांडली: पसरलेले पंख म्हणून दाखवलेला आकार तटाच्या ढासळलेल्या विटांचाही असू शकतो. आज कौशांबीचा पुरुषमेध बिनधास्त सांगणारे फारसे उरलेले नाहीत.

एवढं होऊनही रामटेकच्या पायथ्याच्या मनसरला तेच नाव पुन्हा आलं. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी 1998पासून काही हंगाम तिथली हिडिंबा टेकडी खणली. विटांचं प्रचंड बांधकाम निघालं आणि त्याच्या पोटात मातीनं घडवलेली, आडवी ठेवलेली मोठी मानवाकृती. उत्खननकर्त्यांनी तिचा संबंध पुरुषमेधाशी लावला. डच अभ्यासक हान्स बेकर यांनी ही जागा ताम्रपटांत येणाऱ्या प्रवरेश्वराशी, म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाच्या शिवस्थानाशी, जोडली आणि मातीच्या माणसाचा विचार पुरुषमेधाबरोबरच वास्तुपुरुषाच्या अंगानंही करून पाहिला. मला या दोहोंतला दुसरा रस्ता जास्त पटतो, कारण इमारतीच्या पोटात काहीतरी ठेवून मग वर चढवायची, हे आपण अजूनही करतो; नव्या घरात वास्तुशांतीला पुरुषाची प्रतिमा पुरतात. तरीही, जमिनीत आहे ती मातीची एक आकृती. तिला मारलेलं नाही, ती मेलेली नाही. ‘मेध’ हा शब्द त्या खड्ड्यात कुदळीनं सापडलेला नाही, तो आपण वरून टाकला आहे.

इनामगावचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. घोडनदीच्या काठचं हे ताम्रपाषाणयुगीन खेडं डेक्कन कॉलेजनं 1968पासून बारा-पंधरा वर्षं खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या चमूनं घरोघरच्या जमिनी उघडल्या. लहान मुलं दोन रांजण तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेली. मोठी माणसं आडवी, आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. हे शतकानुशतकं. मृतानं घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडले असतील, असा अंदाज बहुतेकांनी केला. अंदाजच तो. पण कृती वादातीत आहे: कुणीतरी आपल्या माणसाचे पाय तोडले, मग त्याला आपल्याच ओसरीखाली ठेवलं आणि वर सारवून संसार चालू ठेवला. नियम इतका कडक की अपवाद ठळक दिसतो. एका वाड्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते.

इनामगावलाच एका घराच्या कोपऱ्यात मातीची झाकणाची डबी, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की देवी बैलावर बसते. सगळं कच्च्या मातीचं. न भाजलेल्या मातीची देवी कायमची पुजण्यासाठी नसते, ती थोड्या दिवसांची असते. पोळ्याचे बैल, गणपती, भुलाबाई, आणि खामगावात कोजागिरीपासून बसणारी मोठी देवी डोळ्यांसमोर आणली तर हे सांगायला पंडित लागत नाही. शिर नसलेल्या या देवीपासून तेर, भोकरदन, नेवाशाच्या लज्जागौरींपर्यंत एक धागा आहे असं मानणारे अभ्यासक आहेत, रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ हे पुस्तक त्या शोधातलं महत्त्वाचं. धागा सुंदर आहे. पण मध्ये हजारेक वर्षांचं अंतर आहे आणि ते ओलांडताना ढेऱ्यांची व्यासंगी लेखणीही पुष्कळदा कल्पनेच्या बळावर चालते, हे वाचकानं जाणून वाचावं.

ग्रीक लोक इथं आले होते, मग ग्रीक विधीही इथल्या मातीत असेल, अशी आशा वाटते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1944-46च्या सुमाराला समुद्रदेव पोसायडॉनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. सातवाहनकाळच्या वस्तीत, इतर कांस्य भांड्यांच्या साठ्यात. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, आणि ‘कोल्हापुरात ग्रीक देवाची पूजा’ असं कुणी लिहिलं की मला हसू येतं. वेदी नाही, राख नाही, देव्हारा नाही. भांड्यांबरोबर ठेवलेली एक देखणी आयात वस्तू आहे. रोमन नाण्यांचे मातीचे ठसे तेरच्या लोकांनी भोक पाडून गळ्यात घातलेच होते. वस्तू प्रवास करते, विधी तिच्याबरोबर येतोच असं नाही.

उलट जिथं यवन, म्हणजे ग्रीक, स्वतः बोलतात तिथं ते इथल्याच विधीत उतरलेले दिसतात. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दिले. जुन्नरला इरिल या यवनानं पाण्याची टाकी दिली. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्रीचा योनक इंद्राग्निदत्त, आईवडिलांच्या नावानं, सगळ्या बुद्धांच्या पूजेसाठी लेणं खोदवतो. विदिशेला तक्षशिलेचा हेलिओदोरस वासुदेवाचा गरुडध्वज उभा करतो. या खांबाची हकीकत पुराव्याच्या दृष्टीनं फार मोलाची. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं 1877 साली तो पाहिला, पण लेख पाहिला नाही, कारण गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पुजत आणि त्यावर शेंदराचे थर चढले होते. 1909मध्ये शेंदूर काढला आणि ब्राह्मी अक्षरं निघाली. पुढे 1963-65च्या उत्खननात जवळच लंबवर्तुळाकार मंदिराचा पायाही मिळाला. चालू विधीनं जुन्या विधीचा पुरावा झाकला, पण त्याच शेंदरानं तो जपलाही. खांबबाबाला कुणी पुजलं नसतं, तर तो दगड कुणाच्या जोत्यात गेला असता.

बौद्ध स्थळांवर पोथी आणि माती यांचं भांडण जुनं आहे. ग्रंथ वाचले तर भिक्षू ध्यानात मग्न आणि स्तूप-दान हे गृहस्थांचं काम. अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी शिलालेख समोर ठेवून दाखवलं की दान देणाऱ्यांत भिक्षू-भिक्षुणी मोठ्या संख्येनं आहेत. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत एका खडकाखाली दाटीनं उभे असलेले चौदा छोटे स्तूप पाहावेत. त्यांतल्या काहींवर थेरांची नावं आहेत. आपल्या गुरूंची, सहकाऱ्यांची आठवण भिक्षूंनी दगडात ठेवली होती. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला 1969-70मध्ये निघालेल्या जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यावरही दात्यांची नावं सापडली.

भोनला नावं मिळाली नाहीत. खामगावाहून शेगावमार्गे संग्रामपूरकडे गेलं की पूर्णेकाठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तिथं उत्खनन केलं आणि विटांच्या स्तूपाचा पाया, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी, मौर्य-सातवाहनकाळची भरगच्च वस्ती निघाली. बुलढाणा जिल्ह्यातला हा सर्वांत जुना बांधीव विधीस्थळाचा पुरावा म्हणता येईल. स्तूपाभोवती कुणी किती फेरे घातले, कुठं दिवा ठेवला, कुठं फुलं टाकली, याचं उत्तर विटांत नाही. पायाभोवतीच्या तुडवलेल्या मातीत असू शकतं. ती माती बारीक चाळणीनं चाळून, पाण्यात तरंगवून, जळकं बी आणि परागकण वेगळे काढून, थरांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वाचता येते. लायकायॉनला राख अशीच वाचली म्हणून मांडी आणि शेपटी कळली.

भोन जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतं. खारपाणपट्ट्याला सिंचन हवंच आहे, त्याविरुद्ध बोलायचा हा लेख नाही, आणि स्तूप वाचवण्याची मागणी करणारे लोक आपलं काम करत आहेत. पण वाचवण्याच्या चर्चेत सारा भर विटांवर आहे: त्या उचलाव्यात का, दुसरीकडे मांडाव्यात का, प्रतिकृती करावी का. विटा दुसरीकडे मांडता येतील. भोवतालची वीतभर जाड तुडवलेली माती मांडता येणार नाही, तिचे नमुने पाणी चढायच्या आधीच काढावे लागतील, आणि ते काम एका हंगामाचं, चार विद्यार्थ्यांचं, फार तर एका ट्रकभर पोत्यांचं आहे.